फोन आत, बॅटरी बाहेर

माझा धंदा बुडवणारा कायदा माझ्या नातीने मला शुक्रवारच्या नाश्त्याला वाचून दाखवला, तोही घावनाचा तुकडा गालात ठेवून.

"दादी, लिसन." ही सना, वय पंधरा. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. "युरोपमध्ये न्यू लॉ. फोन अँड टॅबलेट, बॅटरी मस्ट बी रिप्लेसेबल बाय द यूजर."

"यूजर म्हणजे कोण?"

"एनीवन. इव्हन यू."

"मी यूजर नाही. मी टेक्निशियन आहे."

"देन एव्हरीवन एक्सेप्ट यू," असं म्हणून तिने दुसरं घावन ओढून घेतलं.

मी चहा बाजूला ठेवला आणि तिला शब्दन् शब्द वाचायला लावला. त्यात लिहिलं होतं की बाजारात मिळणाऱ्या साध्या हत्यारांनी बॅटरी निघाली पाहिजे, आणि ती काढायला उष्णता लागता कामा नये, रसायन लागता कामा नये. उष्णता म्हणजे माझा तापवायचा तवा. रसायन म्हणजे माझी डिंक विरघळवायची बाटली. एवढ्या लांब बसलेल्या त्या साहेबलोकांनी माझ्या टेबलावरच्या दोनच वस्तू अचूक हेरून काढल्या होत्या. मला राग यायला हवा होता. खरं सांगते, मला गुदगुल्या झाल्या. आपल्या कामाची दखल कायद्याने घेतलेली रत्नागिरी जिल्ह्यातली दुसरी बाई मला तरी माहीत नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला लिहायला सांगितलं तेव्हा विषय दिला होता 'परदेशातील एका उद्योजिकेचा प्रवास'. दोह्यातल्या अझीझियातलं आमचं घर ते मुऐदरमधलं आमचं मोबाइलचं दुकान, सिग्नल न लागल्यास बारा मिनिटं, हा माझा प्रवास. तो लिहून झाला. आता बॅटऱ्यांविषयी लिहिते.

मी दापोलीकडची. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग लग्न, मग दोहा. आमच्या ह्यांचं दुकान मुऐदरमध्ये, बंगल्यांच्या वस्तीच्या तोंडाशी. इथे एक रीत आहे, ती बाहेरच्यांना ठाऊक नसते. गिऱ्हाईक दुकानात येत नाही. गाडी दारासमोर थांबते, हॉर्न वाजतो आणि दुकानातल्या माणसाने उठून काचेपाशी जायचं. चहावाला असो, इस्त्रीवाला असो, सगळ्यांनी. गाडीत बायका असल्या तर आमचे हे काचेपाशी जाऊन इतके अवघडायचे, की डोळे कधी टायरवर तर कधी आभाळाकडे. एकदा एका बाईने सांगितलेलं सामान सोडून भलतंच घेऊन गेले. शेवटी म्हणाले, "तूच जात जा गो. माझी मान दुखायला लागली."

म्हणून मी जायला लागले. हॉर्न वाजला की ओढणी सारखी करायची आणि पळायचं.

तेव्हाच्या फोनची बॅटरी नखाने निघायची. पाठीचं झाकण सरकवलं की आत बॅटरी, बिस्किटाएवढी. इथल्या बायका आपला फोन परक्याच्या हातात देत नाहीत. त्यात घरातल्या बायकांचे फोटो असतात, लग्नाचे, मेंदीचे, उघड्या केसांचे. लग्नाच्या हॉलमध्ये दारावरच फोन काढून घेतात, तिथे मोबाइलवाल्याच्या हाती कोण देईल? मग काच चार बोटं खाली व्हायची, मेंदीचा हात बाहेर यायचा आणि त्या हातात फक्त बॅटरी. फोन आत, बॅटरी बाहेर. मी तिचा नंबर बघायची, तशीच नवी आणून त्या तळव्यावर ठेवायची. "शुक्रन." काच वर.

कित्येक बायकांचे चेहरे मी वर्षानुवर्षं पाहिले नाहीत, बॅटऱ्या पाहिल्या. एकीच्या बॅटरीला उदाचा वास. एकीच्या कोपऱ्यावर बाळाचे दात उमटलेले. बॅटरी सैल झाली की कागदाची घडी घालून ती घट्ट बसवायची, हे सगळ्यांना जमायचं. एकीने त्यासाठी दुधाच्या बिलाची घडी वापरली होती. त्या घरात आठवड्याला किती दूध लागतं हे मला कळलं, तिचं नाव मात्र आजतागायत नाही.

आणि तेव्हाची मी! त्या बयेला आज समोर उभी केली तर मी तिला पाणीसुद्धा विचारणार नाही. बॅटरी हातात आली की ती उन्हात धरायची, डोळे बारीक करायची, चक्क कानापाशी हलवून बघायची आणि "हम्म" म्हणायची. बॅटरी हलवून काही ऐकू येत नसतं. ते तिलाही माहीत होतं. पण काचेआडून कुणीतरी बघतंय म्हटल्यावर डॉक्टर व्हायला किती वेळ लागतो?

मग न उघडणारे फोन आले. पहिला आला तेव्हा मी काचेपाशी जाऊन नेहमीसारखी म्हणाले, "बॅटरी द्या." आतून आवाज आला, "माफी." म्हणजे नाही. मी म्हटलं, झाकण सरकवा. "झाकण माफी." मी विद्वान. मी म्हटलं, द्या इकडे, मी काढते. त्या बिचारीने घाबरत काचेतून फोन दिला, पण एक कोपरा स्वतःच्या मुठीत धरून ठेवला. अर्धा फोन तिच्या हातात, अर्धा माझ्या, आणि मी नखाने झाकण शोधतेय. नख तुटलं. फोन जसाच्या तसा. मी त्या बाईला ठामपणे सांगितलं, "हा फोन बिघडलेला बनवलाय. परत करा."

आमचे हे दुकानातून बघत होते. आत आल्यावर म्हणाले, "आता फोन चिकटवूनच येणार. डिंक लावतात आत."

"का?"

"पातळ दिसावा म्हणून. पाणी आत जाऊ नये म्हणून."

"आणि बॅटरी मेली की?"

"फोन दुकानात ठेवून जायचं."

फोन ठेवून? आमचं गिऱ्हाईक? ज्या बायका कोपरा सोडत नाहीत त्या?

तेव्हा ह्यांनी मला शिकवायचं ठरवलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मेलेले फोन घेऊन बसायचो. काम वरून सोपं आहे. काचेच्या कडा तापवायच्या, डिंक मऊ झाला की गिटार वाजवायच्या तिकोनी चकतीने कड सोडवायची, आतली बॅटरीची वायर आधी काढायची, मग डिंकावर रसायनाचे थेंब सोडून बॅटरी उचलायची. अवघड एवढंच की बॅटरी चांदीच्या कागदाच्या चपट्या पाकिटात असते आणि त्या पाकिटाला टोक लागलं तर ती पेट घेते. म्हातारी झाली की ती फुगते, पुरीसारखी टम्म. इथल्या उन्हाळ्यात गाडीत राहिलेला फोन महिन्याभरात वर्षभराने म्हातारा होतो. फोन गार करायला फ्रीजरमध्ये मटणाच्या पिशव्यांमध्ये ठेवणारी एक बाई माझ्याकडे यायची. दर वेळी विचारायची, बॅटरीला मटणाचा वास का येतो? मी म्हणायची, बॅटरीचं सोडा, मटणाला बॅटरीचा वास येत नाही ना बघा.

तर दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात पडदा लावला. पडद्यापलीकडे मी, एक टेबल आणि गिऱ्हाइकासाठी खुर्ची. पुरुषाने पडदा ओलांडायचा नाही, ह्यांनीसुद्धा. नियम मी केले. फोन मालकिणीच्या नजरेसमोर उघडायचा. आणि उघडण्याआधी पडद्यावर, म्हणजे फोनच्या, काळा कागद चिकटवायचा. चालू करून बघायचं कामही तिचंच. मी पेटलेली स्क्रीन कधी बघायची नाही. या काळ्या कागदाचं नाव झालं. अल खोरहून बायका तासभर गाडी करून यायला लागल्या. मी पांढरा कोट शिवून घेतला आणि खिशावर लाल धाग्याने 'टेक्निशियन' काढलं. भरतकाम माझंच, त्यामुळे शेवटच्या दोन अक्षरांना जागा पुरली नाही, ती खिशाच्या वळणावरून खाली गेली.

इथे एक कबूल करते. चिकटवलेले फोन आले याचा मला आनंद झाला होता. बॅटऱ्या निघायच्या तेव्हा मी गाडी आणि दुकान यांच्यामधले दोन पाय होते. डिंक आला आणि मला खुर्ची मिळाली. प्रत्येकीला मी आवाज खाली आणून सांगायची, "हे घरी करायचं काम नाही बरं का. स्फोट होतो." स्फोट माझ्या हातून व्हायचा होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

उम्म जासिम माझ्या जुन्या काचवाल्या गिऱ्हाइकांपैकी. बोटात फिरोज्याची अंगठी, म्हणून मी हात ओळखायची. जुन्या कतारी बायकांसारखी हिंदी बोलायची, व्याकरणाशी काही देणंघेणं नसलेली. सात-आठ वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा गाडीतून उतरून पडद्याआड आली. सोबत नात, नूरा, सहा-सात वर्षांची. नूराच्या छातीशी एक टॅब, लहान मुलं बाहुली धरतात तसा.

"खाला," उम्म जासिम म्हणाली, "ये टॅब नहीं. ये नूरा का मुँह."

नूरा बोलत नव्हती. ऐकू यायचं, समजायचं, शब्द बाहेर यायचे नाहीत. टॅबवर चित्रं होती, चित्रावर बोट ठेवलं की टॅबमधल्या बाईचा आवाज तो शब्द बोलायचा. पाणी, घर, दुखतंय, नको. आणि नुसती बाजारातली चित्रं नव्हती. दोन वर्षं खपून घरच्यांनी तिच्यासाठी फोटो काढून भरले होते. आई, आजी, मावश्या, घरातल्या वेशात, स्वयंपाकघरात, बिछान्यावर. त्यामुळे ते फोटो त्यांनी इंटरनेटवर कुठेही चढवले नव्हते. कंपनीच्या सेंटरवाल्यांनी सांगितलं होतं, बॅटरी फुगलीय, टॅब ठेवून जा, बदलून दुसरा देऊ, आतलं काही राहणार नाही. म्हणजे दोन वर्षांचे शब्द एका टॅबमध्ये, टॅब डिंकाने बंद आणि आत फुगलेली बॅटरी.

"एक घंटा," मी म्हणाले. कोटाच्या खिशावरून हात फिरवला.

टॅब अजून चालू होता. नूराने तो टेबलावर ठेवला, माझा हात धरला आणि उजव्या कोपऱ्यावर नेऊन दाबला. मी हात काढून घेतला. तिने पुन्हा धरला, पुन्हा तिथेच. मला वाटलं, टॅब द्यायचा नाहीये. "ला, ला, नाही गं हबीबती, लगेच देते," म्हणत मी तिचा हात बाजूला केला आणि तोंड फिरवून, नेहमीच्या सभ्यपणाने, पेटलेल्या स्क्रीनवर काळा कागद चिकटवला. मग उम्म जासिमने कागदाखालून चाचपडत टॅब बंद केला.

आता धंद्यातली गोष्ट सांगते. बॅटरी फुगली की आतून स्क्रीनला दाबते आणि पेटलेल्या स्क्रीनवर त्या जागी फिकट डाग दिसतो. चांगला कारागीर टॅब बंद करण्याआधी तो डाग बघतो आणि त्या बाजूने हत्यार घालत नाही. मी इतक्या वर्षांत तो डाग कधी बघितलाच नव्हता. कारण माझा नियम! फोनच्या लहान बॅटऱ्यांत तो खपून गेला. टॅबची बॅटरी ताटाएवढी असते.

कडा तापवल्या. उजव्या कोपऱ्यात चकती घातली तर काच लोण्यासारखी सुटली. मी खूश. बॅटरीनेच ती आतून उचलून धरलीय हे ध्यानात आलं नाही. काम भराभर होतंय म्हणून मी चकती ठेवली आणि लोखंडी पातळ पट्टी घेतली. ती आत गेली, आणि नेलपॉलिश काढताना येतो तसा गोडसर वास आला.

मग धूर.

टेबलाखाली वाळूची बादली असते. नियम असा की जळतंय ते सगळं उचलून वाळूत टाकायचं. सगळं म्हणजे टॅब, त्यातले फोटो, आई, आजी, पाणी, नको. माझा हात बादलीपाशी गेला आणि मला नूरा दिसली. ती घाबरलेली नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, शिक्षिका बघते तशी, आपण सांगून दमलो आणि हिने अखेर करायचं तेच केलं.

एवढ्यात पडद्याबाहेरून ह्यांचा आवाज. "अगो, धूर येतोय! आत येऊ का?"

"या!"

"उम्म जासिमना विचार, येऊ का?"

धूर पडद्याखालून रस्त्याकडे निघाला होता आणि आमचे हे हातात आग विझवायचं नळकांडं घेऊन परवानगीची वाट बघत उभे. उम्म जासिमने नकाब ओढला, नूराला काखेत घेतलं आणि ओरडली, "आओ बाबा! मरने के बाद आएगा?"

ते येईपर्यंत मी जे केलं ते कुणी करू नये. काच पूर्ण उलटी फाकवली. तिची वायर तुटली, तुटू दिली. बॅटरीची वायर उपटली. माझा पोळ्यांचा चिमटा चहाचं पातेलं उचलायला तिथे ठेवलेला असायचा, त्याने बॅटरी धरली आणि ओढली. तापवलेल्या डिंकाने मला कधी दगा दिला नाही, त्या दिवशीही नाही. बॅटरी सुटली, वाळूत गेली, वर आणखी वाळू, आणि ती आत फुसफुसत राहिली. पांढऱ्या कोटाच्या बाहीला बशीएवढं भोक. ह्यांनी आत येऊन विझलेल्या टेबलावर नळकांडं मारून घेतलं, निदान आल्यासारखं.

उम्म जासिम आणि नूरा गाडीत जाऊन बसल्या. मी बाहेर गेले. काच चार बोटं खाली झाली.

"फोटो?" तिने विचारलं.

"फोटो ज्या पाटीत असतात ती पाटी शाबूत दिसतेय. स्क्रीन गेली. बॅटरी गेली." मला खोटं बोलता आलं असतं, की बॅटरी आधीच खराब होती, असं होतंच. तोंडाशी आलं होतं. "चूक माझी. हिने मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

आत नूरा काचेवर बोटं आपटत होती. ठराविक ठिकाणी, ओळीने. थोड्या वेळाने मला कळलं की काचेवर तिला तिची चित्रं आहेत असं वाटत होतं. वर डावीकडे, खाली मध्ये. तिला काहीतरी म्हणायचं होतं आणि काच बोलत नव्हती.

"स्क्रीन कब आएगा?"

दुबईहून मागवली तर आठवडा. आठवडाभर या मुलीने काय करायचं? मग मला आठवलं, त्याच कंपनीचा, त्याच मापाचा टॅब मुऐदरपासून बारा मिनिटांवर आहे. आमच्या घरी, सनाच्या उशीखाली. सना तेव्हा आठ वर्षांची, शाळेत गेलेली. तिला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

घरून टॅब आणला. या वेळी आधी तो चालू केला, डोळे उघडे ठेवून चारी कोपरे तपासले, हात फिरवून बघितला. दोन तास लागले. काच काढायला एक, बॅटरी काढायला एक. पट्टीला हात लावला नाही, दोरा घातला बॅटरीखाली, दात कोरायचा असतो तो, आणि करवतीसारखा इंच इंच ओढला. ह्यांनी पडद्याबाहेरून तीनदा विचारलं, "जिवंत आहेस ना?" उम्म जासिमची गाडी जागची हलली नाही.

ती दोन्ही नूराच्या टॅबला जोडून झाल्यावर दोघींना आत बोलावलं. सवयीने काळा कागद हातात घेतला. मग खाली ठेवला.

"मला बघावं लागेल," मी उम्म जासिमला म्हणाले. "सगळी स्क्रीन, सगळीकडे बोट चालतंय का ते. तुमच्या घरातली माणसं दिसतील."

ती म्हणाली, "धुआँ देखा, अब घर भी देख."

टॅब लागला. चित्रं आली, एकेक करून सगळी. मी उम्म जासिमला पहिल्यांदा डोक्यावर काही नसताना पाहिलं. केस लाल मेंदीचे, हसू मोठं, हातात लाटणं. नूराने काहीच दाबलं नाही. आधी माझा हात धरला आणि उजव्या कोपऱ्यावर नेऊन ठेवला. गार होता. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी मान हलवेपर्यंत. मग तिने हात सोडला आणि एक चित्र दाबलं. घर.

सनाचं प्रकरण वेगळंच झालं. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, चौथ्या दिवशी बोलली ती इंग्रजीत, आणि ते आजतागायत सुरू आहे. नवा टॅब घेऊन दिला, पण जुन्यात तिने बांधलेलं एक शहर होतं म्हणे. त्या शहराचं मी काय केलं, असं ती अजून विचारते. काळा कागद मी बंद केला. आता मी गिऱ्हाइकाला विचारते, स्क्रीन बघू का? काही जणी नाही म्हणतात. त्यांना सांगते, मग फुगलेली जागा तुम्ही बोटाने दाखवा. बहुतेकींना माहीत असते. फोन दिवसभर त्यांच्याच हातात असतो, माझ्या नाही. एवढी साधी गोष्ट कळायला मला एक कोट जाळावा लागला.

म्हणून त्या कायद्याचं मला कुतूहल. सनाला मी रोज काहीतरी विचारते. हा कायदा कतारला लागू आहे का? नाही. मग कंपन्या युरोपला उघडणारे फोन देतील आणि आम्हाला चिकटवलेले? "मे बी, मे बी नॉट." त्यात पळवाटाही आहेत म्हणे, बॅटरी पुष्कळ वेळा चार्ज करूनही टिकणारी आणि फोन पाणी आत न जाऊ देणारा असला तर सूट वगैरे. म्हणजे डिंकवाले वकील शोधणार. पण समजा आलेच असे फोन, तर काचेतून पुन्हा बॅटऱ्या बाहेर येतील का? की बायका बॅटरी ऑनलाइन मागवतील आणि मला हॉर्नसुद्धा ऐकू येणार नाही? दुकान आता मुलगा बघतो, मी शनिवारी पडद्याआड बसते. ही खुर्ची डिंकाने दिली, डिंकाबरोबर जाईल. जाऊ दे. पण ती जाण्याआधीच एक प्रयोग होऊन गेला, आणि त्याला कायद्याची गरज नव्हती.

मागच्या महिन्यात उम्म जासिम नूराला घेऊन आली. नूरा आता चौदा वर्षांची, माझ्याहून उंच. टॅब नवीन, चित्रांच्या जागी पुष्कळ शब्द, पण बॅटरी दुपारपर्यंतच टिकणारी. मी हात पुढे केला. नूराने टॅब दिला नाही. तो हातातच धरून मला चालू करून दाखवला, स्क्रीनवरचा फिकट डाग नखाने गोल करून दाखवला. मग टाइप केलं आणि टॅबमधली बाई म्हणाली, "मी करणार."

"ये करेगा?" उम्म जासिम घाबरली. "नहीं नहीं. खाला, तुम करो. वो दिन याद है?"

तो दिवस आठवणाऱ्या आम्ही तिघीही पडद्याआड, आणि तिघींत घाबरलेली ती एकटीच नव्हती. लिथियम तेच. टोक लागलं तर धूर तोच. आणि एकदा टॅब बंद केला की मुलगी मला काही विचारू शकणार नव्हती. मी उठले आणि माझी खुर्ची तिला दिली. चष्मा आणि हातमोजे दिले. लोखंडी पट्टी उचलून स्वतःच्या खिशात टाकली. वाळूची बादली पायाशी ओढून घेतली.

नूराने टॅब बंद केला. खोलीत आवाज उरला तो एसीचा आणि उम्म जासिमच्या तसबीहच्या मण्यांचा.

त्या तासात मी जे काम केलं ते आयुष्यातलं सर्वांत अवघड. हात मांडीवर ठेवले. नूरा दर मिनिटाला कडेवर बोट ठेवून उष्णता बघायची, घाई नाही. एकदा चकती अडकली. माझा हात आपोआप पुढे गेला, तिने न बघता कोपराने बाजूला सारला. मग तिने वर पाहिलं, तेव्हा मी फक्त मान डावीकडे हलवली. तिने डावीकडून घातली. काच उठली. वायर सुटली. दोरा इकडून तिकडे, इकडून तिकडे, जीभ ओठांत धरून. बॅटरी सैल होत होत एकदम पूर्ण वर आली, फुगलेली, पण एक ओरखडा नाही. तिने ती दोन्ही तळव्यांवर धरून उजेडात पाहिली. अशा वेळी "हम्म" म्हणायचा मोह होतो, मला माहीत आहे. तिने म्हटलं नाही.

ती बॅटरी वाळूत ठेवली, नवी बसवली, काच दाबली. बटण धरून आम्ही तिघी काळ्या स्क्रीनकडे बघत बसलो. उम्म जासिमचे मणी थांबले.

स्क्रीन पेटली.

बाहेरून मुलाने विचारलं, "झालं का आई?" नूराने हातमोजे काढले नाहीत. माझ्या टेबलाच्या कडेला दुरुस्तीला आलेले फोन रांगेने ठेवलेले होते, त्यांच्यावरून तिने नजर फिरवली, टॅबवर एकच शब्द दाबला, आणि टॅबमधली बाई पडद्याच्या पलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "आणखी."